आईच्या रिपोर्टमधले शब्द : ग्रेड, स्टेज, पॉझिटिव्ह... कुणी समजावून सांगेल का?

गोदाकाठ

नमस्कार. मी पंचवटीत राहते. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आईला (वय ६२) उजव्या स्तनात गाठ आहे. आंघोळ करताना तिच्याच हाताला लागली, पण दिवाळी होऊन जाऊ दे म्हणून तीन आठवडे तिने कुणाला सांगितलं नाही. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, ट्रूकट बायोप्सी (जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) झाली. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट थेट मोबाईलवर आला आणि डॉक्टरांची वेळ सोमवारची. मधला दीड दिवस आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

रिपोर्टमध्ये लिहिलंय : 'इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा, एनएसटी, ग्रेड ३'. आतेभावाने ते वाचलं आणि "तिसरी स्टेज आहे" असं काकांना फोनवर सांगितलं. रात्री साडेनऊपर्यंत सिन्नरहून काका-काकू, ओझरहून मावशी, सगळे घरी. आई सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी करत होती आणि आम्ही एकेक जण बाल्कनीत जाऊन डोळे पुसून येत होतो.

आई जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत ३१ वर्षं शिक्षिका होती. तिला इंग्रजी रिपोर्ट वाचता येत नाही. ती एवढंच म्हणाली, "कागदावर काय लिहिलंय ते मला मराठीत सांग." आणि मला सांगता येईना.

ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज का? इन्व्हेसिव्ह म्हणजे सगळीकडे पसरलाय का? उपचारांचा सल्ला मागत नाहीये, तो डॉक्टरांकडूनच घेणार. फक्त शब्द समजून घ्यायचेत.

मोगरा

ताई, आधी एक श्वास घे. ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या बायोप्सीवरून स्टेज कळतच नाही. मीही यातून गेलेय, सहा वर्षं झाली. सविस्तर रात्री लिहिते, आता ऑफिसमध्ये आहे. पण आजच्या आज सगळ्या नातेवाइकांना सांग की तिसरी स्टेज असं कुठेही लिहिलेलं नाही.

स्लाईडकाका

गोदाकाठ ताई, मी ३४ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. आता निवृत्त, नाशिकरोडला असतो. निदान पॅथॉलॉजिस्ट करायचे, पण तुकडा फॉर्मलिनच्या डबीत आल्यापासून त्याची काचपट्टी होईपर्यंतचं काम माझ्या हातून जायचं. त्यामुळे हे शब्द रोजचे आहेत.

इन्व्हेसिव्ह. दूध वाहून नेणाऱ्या नलिकांना आतून पेशींचं अस्तर असतं. कॅन्सरच्या पेशी नलिकेच्या आतच असतील तर 'इन सिटू' म्हणतात. नलिकेची भिंत ओलांडून शेजारच्या भागात शिरल्या की 'इन्व्हेसिव्ह'. ओलांडली ती एक भिंत, तीही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. शरीरभर पसरला असा अर्थ त्यात नाही.

एनएसटी म्हणजे 'नो स्पेशल टाइप'. पूर्वी यालाच 'डक्टल' म्हणायचे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हाच प्रकार सगळ्यात जास्त सापडतो, म्हणजे डॉक्टरांना याची ओळख उत्तम आहे.

आता ग्रेड. पॅथॉलॉजिस्ट तीन गोष्टी बघतात. पेशी अजून नलिकेसारखी रचना करतात का, पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, आणि किती पेशी विभागताना दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६-७ ला ग्रेड २, ८-९ ला ग्रेड ३. रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी '३+३+२=८' असं काहीतरी असेल, बघा. म्हणजे ग्रेड हा गाठीचा स्वभाव आहे, शांत की आक्रमक. स्टेज म्हणजे ती कुठवर पोचली. आक्रमक स्वभावाची गाठ लवकर सापडली तर ग्रेड ३ आणि स्टेज १ असंही असतं. असे कितीतरी रिपोर्ट माझ्या टेबलावरून गेलेत.

आणि घाबरू नका, अजून एक कागद येणार आहे. आयएचसी, म्हणजे पेशींत कोणती प्रथिनं आहेत ते रंगवून बघणं. त्याला जास्त दिवस लागतात. तुकडा मेणात बसवून ब्लॉक करतात, त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात, आणि एकेका चाचणीसाठी वेगळा काप रंगवतात. लोकांना वाटतं लॅब उशीर करतेय. ते काम घाई करून होत नाही.

गोदाकाठ

काका, खाली खरंच ३+३+२=८ लिहिलंय! मी हे आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे वर्गातल्या मुलासारखं. स्वभावाने दांडगा आहे, पण अजून शाळेच्या फाटकाबाहेर गेलाय का ते बघायचंय." तिने जुनी वही काढलीय आणि त्यात लिहायला लागलीय.

सातपूरकर

मनापासून विचारतो, राग मानू नका. आमच्या शेजारी एका बाईंची गाठ वर्षभर तशीच होती, सुई लावली आणि दोन महिन्यांत पसरली. म्हणून माझ्या बहिणीची बायोप्सी आम्ही टाळतोय. हे खरं आहे का?

रेसिडेंट

सातपूरकर, कृपा करून टाळू नका. मी ऑन्कोलॉजीत शिकतोय. तुमच्या बहिणीचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण बोलणं समजा. स्तनाच्या गाठीची सुईने बायोप्सी केल्याने आजार पसरत नाही. शेजारच्या बाईंची गाठ वर्षभर वाढतच असणार, सुई लागली तेव्हा ती घरच्यांच्या नजरेत आली. बायोप्सीशिवाय ईआर, पीआर (पेशी इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स पकडतात का) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणतं औषध द्यायचं हे ठरत नाही. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर बायरॅड्स ४ किंवा ५ असेल तर या आठवड्यातच जा. बायरॅड्सचा ४ म्हणजे 'संशय आहे, तुकडा तपासा' आणि ५ म्हणजे 'दाट संशय आहे'. हे आकडेसुद्धा स्टेजचे नव्हेत.

सातपूरकर

रिपोर्टवर ४बी आहे. आम्ही ते चौथी स्टेज समजून हातपाय गाळून बसलो होतो. उद्याच नेतो.

मोगरा

सातपूरकर, नक्की न्या, आणि इथे कळवा.

गोदाकाठ, आता माझं. मला पहिले दोन महिने कुणी काही सांगितलंच नाही. घरात सगळे 'साधी गाठ आहे, सलाईनने विरघळेल' म्हणायचे. तिसऱ्या केमोला फाईल माझ्या मांडीवर होती. मी ती उघडून वाचली आणि सगळ्यात जास्त राग आला तो नवऱ्याचा. आजाराचा नंतर आला. तो मला जपत होता हे आज कळतं. पण ते दोन महिने मी एकटी होते. माझ्याशी कुणी खरं बोलत नव्हतं, आणि मला ते कळत होतं. तुझी आई स्वतः विचारतेय ना? मग सांग. विचारणाऱ्या माणसाला उत्तर न देणं याचा त्रास फार होतो.

शब्दांचं म्हणशील तर मला 'पॉझिटिव्ह'ने फसवलं. आयएचसीत 'ईआर पॉझिटिव्ह' आलं आणि मी हबकले. कोविडपासून पॉझिटिव्ह म्हणजे वाईट हेच डोक्यात बसलेलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, हे तुमच्या बाजूचं आहे. गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारे हात आहेत, म्हणजे ते हात बांधून ठेवणाऱ्या गोळ्या तुम्हाला चालतील. मी पाच वर्षं रोज रात्री गोळी घेतली. आणि काखेतल्या गाठीपुढे 'पॉझिटिव्ह' असेल तर तिथे मात्र पेशी सापडल्या असा अर्थ. एकच शब्द, एका ओळीत बरा आणि दुसऱ्या ओळीत नको असलेला. म्हणून नुसता शब्द वाचून काहीच ठरवायचं नाही, तो कशाच्या पुढे लिहिलाय ते बघायचं.

गोदाकाठ

सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी नीट वेळ दिला. स्टेज पेट स्कॅननंतर सांगतो म्हणाले. आयएचसी आलं : ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, केआय-६७ (किती पेशी वाढीच्या, विभागण्याच्या मार्गावर आहेत ते) ३५ टक्के, हर-टू २+ 'इक्विव्होकल'. आता फिश करायचीय. आईने विचारलं, "मासा कसला?"

आज पेटचा रिपोर्ट आला. 'एफडीजी ॲव्हिड' तीनदा लिहिलंय. यकृतात 'सिंपल सिस्ट', मणक्यात 'डिजनरेटिव्ह' बदल, फुफ्फुसाच्या वरच्या भागात 'फायब्रोटिक स्ट्रँड्स'. यकृत, हाड, फुफ्फुस तिन्हींची नावं एकाच कागदावर बघून माझे हात थरथरायला लागले. मोठ्या आतड्यापुढे 'अनरिमार्केबल' आहे. तेही काही वाईट का?

रेसिडेंट

अनरिमार्केबल म्हणजे नोंद करावी असं काही आढळलं नाही. रिपोर्टमधला सगळ्यात चांगला शब्द समजा.

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं एक द्रव्य, एफडीजी, टोचतात. ज्या पेशींना साखर जास्त लागते त्या ते ओढून घेतात आणि चित्रात उजळ दिसतात. तेच 'ॲव्हिड'. म्हणून तर उपाशीपोटी बोलावतात आणि रक्तातली साखर आधी तपासतात. पण मेंदूला साखर सतत लागते, तो नेहमीच उजळ दिसतो. द्रव्य लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्राशयही. टीबी, जंतुसंसर्ग, ताजी जखम यांनीही उजळतं. उजळलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. कुठे, किती आणि कसं, ते मिळून बघावं लागतं.

सिंपल सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी, कित्येक निरोगी माणसांच्या यकृतात सापडते. डिजनरेटिव्ह म्हणजे वयाप्रमाणे झालेली झीज. फायब्रोटिक स्ट्रँड्स हे बहुतेक जुन्या आजाराचे व्रण असतात. आईंना पूर्वी टीबी झाला होता का? रिपोर्टच्या शेवटी 'इम्प्रेशन' नावाचा भाग असतो, आधी तो वाचा. वरच्या दोन पानांवर रेडिओलॉजिस्ट दिसलेली प्रत्येक गोष्ट लिहितो, खाली त्यातलं महत्त्वाचं सांगतो.

गोदाकाठ

हो! १९८८ साली आईला टीबी झाला होता, मी तेव्हा दोन वर्षांची होते. पूर्ण कोर्स घेतला होता. डॉक्टरांना हे सांगायचं राहूनच गेलं होतं, आता फोन करून सांगितलं.

इम्प्रेशनमध्ये आहे : उजव्या स्तनातली गाठ २.८ सेंमी, काखेत एक-दोन गाठी, दूर कुठे पसरल्याची लक्षणं नाहीत. फाईलवर 'सीटी२ एन१ एम०' लिहिलंय.

स्लाईडकाका

टी म्हणजे मूळ गाठीचा आकार. २ ते ५ सेंटीमीटरमध्ये असेल तर टी२. एन म्हणजे काखेतल्या लसिकाग्रंथी, आणि एम म्हणजे दूरच्या अवयवात गेलाय का. एम० म्हणजे गेलेला नाही. तिन्ही मिळून तुमच्या आईंची दुसरी स्टेज होते, त्यातली 'बी'. आतेभावाला एवढं कळवा.

पुढचं छोटं 'सी' सोडू नका. सी म्हणजे तपासणी आणि स्कॅनवरून बांधलेला अंदाज. ऑपरेशननंतर काढलेला भाग प्रत्यक्ष तपासून जे लिहितात त्याला 'पी' लागतो. आणि ऑपरेशनआधी केमो झाली असेल तर त्याच्याही आधी 'वाय'. आमच्या लॅबमध्ये 'वायपीटी०' लिहिलेला रिपोर्ट बाहेर पडायचा, म्हणजे केमोनंतर स्तनातल्या त्या जागी इन्व्हेसिव्ह कॅन्सर उरलाच नाही, तेव्हा टाईप करणारी मुलगी सगळ्यांना दाखवायला आणायची. पेशंट कोण ते आम्हाला माहीत नसायचं, तरी.

फिश म्हणजे मासा नव्हे हे आईंना सांगा. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन आहे. ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे रंगावरून सांगता येत नाही, काठावर आहे. मग पेशीच्या आत जाऊन त्या जनुकाच्या प्रती चमकत्या रंगाने मोजतात. ती फिश.

दिंडोरीकर

मी फारसा लिहीत नाही इथे, पण हा धागा तीन दिवस वाचतोय. आमची द्राक्षबाग आहे. वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता, तंबाखू आणि चुना चाळीस वर्षं. मला ग्रेड-स्टेज कळलं ते बागेवरून. डाऊनी (द्राक्षावरचा रोग) एकाच पानावर आहे की घडात उतरलीय, ती झाली स्टेज. आणि हवामान असं आहे का की रात्रीत प्लॉट खाऊन टाकेल, तो तिचा जोर, ग्रेड. दोन्ही बघूनच फवारणी ठरते.

मला लिहायचंय ते 'पॅलिएटिव्ह' या शब्दाबद्दल.

वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा मार्जिन, म्हणजे कापलेल्या कडा, स्वच्छ होत्या. दीड वर्षाने मणक्यात आलं. कागदावर 'पॅलिएटिव्ह रेडिएशन' आणि 'पॅलिएटिव्ह केअरला दाखवा' असं लिहून दिलं. कुणीतरी मला सांगितलं की याचा अर्थ आता काही करण्यासारखं उरलं नाही, घरी घेऊन जा. मी घरी घेऊन आलो. दोन महिने ते खाटेवर कुशीवर वळू शकत नव्हते. ऑक्टोबर छाटणीला माणसं लावलेली, मी बागेत, आणि ते घरात दात आवळून पडलेले.

शेवटी बहिणीने हट्ट केला आणि परत नेलं. पाठीला रेडिएशन दिलं, एकाच दिवसात झालं, आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दहा-बारा दिवसांत ते उठून बसायला लागले. त्यानंतर चौदा महिने होते. पुढच्या हंगामात खुर्ची टाकून बागेत बसायचे, घड मोजायचे. आजार बरा होणारा नव्हता, ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण दुखणं थांबवणारा उपचार होता आणि मी एका शब्दाला घाबरून तो दोन महिने अडवून धरला. ते दोन महिने मला अजून झोपू देत नाहीत. कुणाच्या कागदावर हा शब्द आला तर लगेच विचारा, यात काय काय देणार. घरी नेऊ नका.

मोगरा

दिंडोरीकर दादा, तुम्ही हे लिहिलंत, फार मोठी गोष्ट केलीत. तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही, यात तुमचा दोष नाही.

रेसिडेंट

दादांनी लिहिलंय ते प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावण्यासारखं आहे. पॅलिएटिव्ह म्हणजे त्रास कमी करणारे उपचार. ते बरं करणाऱ्या उपचारांच्या सोबतही चालतात, अगदी पहिल्या दिवसापासून.

असेच उलटे लागणारे अजून दोन शब्द. 'प्रोग्रेसिव्ह डिसीज' वाचून एक काका माझ्याकडे पेढे घेऊन आले होते, त्यांना प्रगती वाटली. त्याचा अर्थ आजार वाढला. मी त्यांना बसवून सांगितलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. आणि 'स्टेबल डिसीज' वाचून लोक निराश होतात, की एवढं करून काही फरक नाही. पसरलेल्या आजारात वाढ थांबली हे औषध काम करत असल्याचं लक्षण असू शकतं. 'पार्शल रिस्पॉन्स' म्हणजे मोजमापाच्या गाठी मिळून किमान ३० टक्के लहान झाल्या.

आणि 'पाच वर्षांचा सर्व्हायव्हल' म्हणजे पाचच वर्षं उरली असं नाही. निदानानंतर पाच वर्षांनी किती लोक हयात होते, एवढंच त्यात मोजलेलं असतं. त्यातले कितीतरी जण पुढेही अनेक वर्षं जगतात.

सातपूरकर

बहिणीची बायोप्सी झाली. फायब्रोॲडिनोमा आलं, साधी गाठ. सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलंय. तुमचे सगळ्यांचे उपकार.

द्वारका_सर्कल

सातपूरकर, वाचून फार बरं वाटलं!

गोदाकाठ ताई, दुसरं मत घ्यायचं मनात असेल तर विचारते. आम्ही परळला टाटा मेमोरियलला गेलो होतो, पण नुसती रिपोर्टची झेरॉक्स घेऊन. त्यांनी स्लाईड आणि ब्लॉक मागितले आणि परत यावं लागलं.

स्लाईडकाका

हे फार जणांचं होतं. बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबमध्ये अर्ज करून ब्लॉक आणि स्लाईड दोन्ही मागा, ते देतात. स्लाईड काचेच्या असतात, डबीत नीट बसवून न्या. ब्लॉक मेणाचा असतो. पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर हातातल्या पिशवीत ठेवा, गाडीने गेलात तर उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका. ब्लॉकचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतोय ना, हे लॅबच्या खिडकीवरच बघून घ्या.

गोदाकाठ

बरेच दिवसांनी धागा वर काढतेय.

फिशचा रिपोर्ट आला. 'ॲम्प्लिफाईड', म्हणजे हर-टू पॉझिटिव्ह. यावेळी रिपोर्ट आला तेव्हा तो आम्ही कुणी वाचलाच नाही, घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेलो. आई स्वतः बोलली. वही उघडून म्हणाली, "मला एवढंच सांगा, हा शब्द आल्याने माझ्या औषधात काय बदललं?" डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, त्या प्रथिनावर नेमकं काम करणारं औषध आता केमोसोबत देता येईल, ट्रास्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी, सगळं मिळून वर्षभर. ते हृदयाला कधी कधी त्रास देतं म्हणून आधी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ऑपरेशन केमोनंतर. फाईलवर लिहिलेलं 'निओॲडज्युव्हंट' म्हणजे तेच, ऑपरेशनच्या आधी दिलेले उपचार. ऑपरेशननंतर दिले की 'ॲडज्युव्हंट'.

दोन केमो झाल्या. पहिल्यानंतर नवव्या दिवशी रात्री आईला १०१ ताप आला. 'न्यूट्रोपेनिया' हा शब्द डॉक्टरांनी आधीच समजावला होता, पांढऱ्या पेशी खाली येतात आणि १००.४ च्या वर ताप गेला की वाट बघायची नाही. म्हणून क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबलो नाही, रात्रीच ॲडमिट केलं. चार दिवसांत घरी आली.

आईच्या वहीत आता अकरा पानं झालीत. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी. 'मेटास्टॅसिस'पुढे तिने 'परगावी जाणे' लिहिलंय आणि कंसात 'माझ्याकडे नाही'. केमोच्या डेकेअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर त्र्यंबककडच्या एक बाई असतात. त्यांच्या मुलाच्या हातात रिपोर्ट होता, त्यावर ग्रेड ३. तो रडवेला झाला होता. आईने हातात सलाईन असतानाच त्याला जवळ बसवलं आणि ३+३+२ ची बेरीज शिकवली.

तिसरी केमो बुधवारी आहे. डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न तिने लिहून ठेवलेत : पुढचा एको कधी करायचा, आणि माझ्या टीच्या आधी वाय कधी लागणार.